तहहयात

मॅन्युअलमध्ये एकच ओळ होती:
गिअरबॉक्सचं तेल तहहयात चालतं, बदलू नये.
कुणाची हयात, ते लिहिलं नव्हतं.

मी औषधांच्या दुकानात चोवीस वर्षं उभी आहे.
खोकल्याच्या बाटलीलाही तारीख असते,
डोळ्यांच्या थेंबांना तर उघडल्यापासून अठ्ठावीस दिवस.
म्हणून जग्वार दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
मागून कुणी दप्तर ओढावं तसा हिसका देऊ लागली,
तेव्हा मी मॅन्युअल मिटलं.

गाडी जुनी. केनिलवर्थच्या एका भूलतज्ज्ञाची.
किल्ली देताना त्यांच्या पत्नी, हेस्टर बाई, म्हणाल्या होत्या,
"ह्यांच्या गाडीत मागे बसलेलं माणूस कधी जागं राहिलं नाही."
माझा नवरा म्हणाला, पांढरा हत्ती घेतलास.
हिरवा, मी म्हटलं.

कॉव्हेंट्रीत, फोल्सहिलला, कालव्याकडे पाठ करून
लेनॉक्सचं गॅरेज.
तो इंजिनाला हात लावत नाही, ब्रेकलाही नाही.
"फक्त गिअरबॉक्स," म्हणतो,
एखादा डॉक्टर फक्त गुडघे बघतो तसं.

गाडी वर गेली. पोट उघडं.
खाली उभी राहून मी
नसलेला पदर सावरला.

आत दोन पंखे, त्याने सांगितलं, समोरासमोर, तेलात बुडालेले.
इंजिन एकाला फिरवतं. तो दुसऱ्याला शिवतसुद्धा नाही,
मधलं तेल निरोप नेतं.
त्यांच्यामागे एक सूर्य, भोवती ग्रह, बाहेर दात्यांचं कडं.
एकाला धरून ठेवलं की दुसरा धावतो.
मी विचारलं, आणि शनी?
त्याला काय कळलं कोण जाणे,
म्हणाला, "फिल्टरमध्ये."

जुनं तेल आलं, करपलेल्या फोडणीच्या वासाचं.
लोहचुंबकांवर काजळ, बोटाला लागेल इतकं मऊ.

नवं मधाच्या रंगाचं.
ते मोजायचं इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट,
तेलाला चाळीस अंश ताप असताना.
गार मोजलं तर खोटं, फार तापल्यावर मोजलं तरी खोटं.
आम्ही लॅपटॉपवर आकडा चढताना बघत राहिलो,
एकतीस, चौतीस,
त्याने चहा दिला, बिनआल्याचा, मी प्यायले,
अडतीसला तो उठला,
भोकातून येणारी धार बारीक झाली, थेंबावर आली,
आणि त्याने बूच लावलं.

मग विचारलं, "ॲडॅप्टेशन पुसू?"
म्हणजे?
म्हणजे गिअरबॉक्स पाय ओळखतो.
कोण कसं दाबतं, कुठे सोडतं,
ते लिहून ठेवतो, तसा वागतो.
"ह्याच्यात अजून आधीचे मालक आहेत."

वर्षभर मी गाडीला हट्टी म्हणत होते.
प्रत्येक बदलाआधी ती अर्धा श्वास थांबायची.
तो श्वास त्यांचा होता.
पेशंटला आकडे उलटे मोजायला सांगून
वाट बघणाऱ्या माणसाचा.

पूस, म्हटलं.
स्क्रीनवर एक निळी पट्टी भरली, झालं.
हेस्टर बाईंना फोन करावासा वाटला.
काय सांगणार होते?

पहिला आठवडा वाईट गेला.
दुकानात नव्याने लागलेल्या पोरासारखी ती,
कुठल्या खणात काय, पत्ता नाही.
टाइल हिलच्या सिग्नलला मी चिडायचे,
ती लिहून घ्यायची.
सकाळी मला उशीर, तेही.

परवा केनिलवर्थच्या रस्त्यावर, झाडांखाली,
चौथ्यातून पाचव्यात जाताना
ती पुन्हा अर्धा श्वास थांबली.
पट्टी नीट भरली नव्हती,
की माझाच पाय आता असा पडतो?
शेजारी नवरा झोपला होता, तोंड उघडं.
मी वेग वाढवला नाही.

बॉनेटखाली दुकानातलं एक लेबल चिकटवलंय.
उघडल्याची तारीख: सात जून.
पुढची: पन्नास हजार मैलांनी
किंवा हिसका बसेल तेव्हा, जे आधी घडेल ते.
लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये,
हे आधीच छापलेलं होतं. तसंच राहू दिलं.